इटालियन नणंदेचं 'सिन्स' आणि 'फॉर'

पत्र

ताई, नमस्कार.

मी मूळची कोल्हापूरची. लग्नानंतर इटलीत, बोलोन्याला आले. नवरा इटालियन आहे. माझी धाकटी नणंद इथल्या पॅकिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत 2017पासून नोकरी करते. आता तिला दुसरी, जास्त चांगली जागा मिळायची शक्यता आहे आणि तिथे सगळा व्यवहार इंग्रजीत चालतो. परवा फोनवर मुलाखत झाली. तिने सांगितलं, 'आय वर्क्ड हिअर फॉर एट इयर्स.' पलीकडच्या बाईंनी लगेच विचारलं, नोकरी का सोडलीत? ही गडबडली आणि पुढची मुलाखत नीट झालीच नाही.

आधी ती 'आय वर्क हिअर फ्रॉम एट इयर्स' असं म्हणायची. रविवारच्या जेवणात सगळ्यांसमोर मीच तिला टोकलं होतं, 'फ्रॉम' नाही, 'फॉर' म्हण. आता ती माझ्यासमोर इंग्रजी बोलतच नाही. आणि ताई, खरं सांगायचं तर मलाही हे कुठे नीट येतं? शाळेत 'सिन्स' म्हणजे पासून, 'फॉर' म्हणजे साठी, एवढंच शिकवलं. मीही आजवर 'सिन्स थ्री इयर्स' असंच बोलत आले. आम्हा दोघींना हे कसं जमेल?

एक वाचक, बोलोन्या

उत्तर

आधी तातडीचं बघू. मुलाखत घेणाऱ्या बाईंना तुझ्या नणंदेने आजच दोन ओळींची ईमेल पाठवावी. माफी नको, लांबलचक खुलासाही नको. 'आय हॅव वर्क्ड हिअर सिन्स 2017, अँड आय स्टिल वर्क हिअर' एवढं पुरे आहे. यातला 'स्टिल' तिने कायम हाताशी ठेवावा. इटालियनमध्ये 'आंकोरा' म्हणतात, तोच हा. क्रियापदाचा काळ चुकला तरी वाक्यात 'स्टिल' असला की नोकरी सोडली असा समज होत नाही. फोनवर समोरच्याचा चेहरा दिसत नसतो, तेव्हा हा आधार फार कामाला येतो.

आता मूळ दुखणं. ती 'फ्रॉम एट इयर्स' का म्हणायची, ते आधी समजून घे. ते कळल्याशिवाय तिच्याकडून कितीही नियम घोकून घेतलेस तरी ऐन वेळी ती पुन्हा तेच बोलेल. तिच्या मनात वाक्य तयार होतं ते असं : 'लावोरो क्वी दा ओत्तो आन्नी.' याचं मराठी कर. 'मी इथे आठ वर्षांपासून काम करते.' किती सहज होतं बघ. काम आज चालू आहे, म्हणून क्रियापद साध्या वर्तमानकाळात. 'दा' म्हणजे पासून. आणि सालच सांगायचं असेल तर 'दाल 2017', म्हणजे पुन्हा तेच 'दा', फक्त त्याला आर्टिकल जोडलेलं. आठ वर्षं हा काळाचा लांब पट्टा झाला आणि 2017 ही त्या पट्ट्यावरची एक खूण, पण इटालियन दोन्हींना एकच शब्द लावते. मराठीही तेच करते. 'आठ वर्षांपासून', '2017पासून'.

म्हणजे कोल्हापूरची तू आणि बोलोन्याची ती, दोघी एकाच जागी अडखळता. मला यात तुझी मोठी जमेची बाजू दिसते. लंडनहून आलेल्या शिक्षकाला तिची चूक बाहेरून दिसेल. तुला ती आतून कळू शकते, कारण तुझी मायबोलीही तेच करते.

आता जरा इतिहासाकडे जाऊ, म्हणजे पुढचं सोपं होईल. इटली एक झाली तेव्हा, 1861मध्ये, राजधानी तोरिनोला होती. 1865मध्ये ती फ्लोरेन्सला गेली आणि 1871मध्ये रोमला. इटालियन माणूस हे कसं सांगतो? 'फिरेन्झे ए स्ताता कापिताले पेर सेई आन्नी', आणि 'रोमा ए कापिताले दाल 1871'. पहिल्या वाक्यात 'पेर' आहे आणि भूतकाळ आहे. दुसऱ्यात 'दा' आहे आणि वर्तमानकाळ आहे. आपणही असंच म्हणू : 'फ्लोरेन्स सहा वर्षं राजधानी होतं', 'रोम 1871पासून राजधानी आहे'. नुसतं 'सहा वर्षं' म्हटलं की गोष्ट संपली. 'पासून' आलं, किंवा आधी 'गेली' लावून 'गेली दीडशे वर्षं' म्हटलं, की ती अजून चालू आहे. इटालियनमध्ये 'पेर' आणि 'दा' यांची वाटणी बहुतेक वेळा अशीच असते. 'दा' कानावर पडलं की गोष्ट आजही चालू आहे हे ऐकणाऱ्याला कळतं, क्रियापदाकडे मुद्दाम लक्ष द्यावं लागत नाही.

इंग्रजीत मात्र हीच वाक्यं अशी होतात : 'फ्लोरेन्स वॉज द कॅपिटल फॉर सिक्स इयर्स' आणि 'रोम हॅज बीन द कॅपिटल फॉर मोर दॅन अ हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स'. दोन्हीकडे 'फॉर' आहे. संपलेल्यालाही 'फॉर', चालू असलेल्यालाही 'फॉर'. 'फॉर' फक्त लांबी सांगतो. गोष्ट संपली की चालू आहे, हे त्याच्यावरून कळतच नाही. ते सांगण्याची सगळी जबाबदारी 'वॉज' आणि 'हॅज बीन' यांच्यावर, म्हणजे क्रियापदावर आहे. तुझ्या नणंदेला हे आधी कळायला हवं. 'सिन्स' की 'फॉर' हा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तिच्या मुलाखतीत काय झालं ते आता तुला दिसेल. तू 'फ्रॉम'च्या जागी 'फॉर' घालायला सांगितलंस, तिने घातला. तिला वाटलं, आता 'दा'चं काम 'फॉर' करेल आणि नोकरी चालू असल्याचं कळेल. क्रियापदाचं म्हणशील तर तिने 'वर्क'चं 'वर्क्ड' केलं, कारण आठ वर्षांची गोष्ट सांगताना नुसता वर्तमानकाळ इंग्रजीत चालत नाही, एवढं तिने कुठेतरी ऐकलं असणार. पलीकडच्या बाईंनी 'वर्क्ड' ऐकलं आणि नोकरी संपली असं समजल्या. त्यांचा दोष नाही, कारण ते वाक्य खरोखर तेच सांगतं.

मग ती 'हॅव वर्क्ड' का म्हणाली नाही? शाळेत प्रेझेंट परफेक्ट शिकली असेलच की. इथे खरी मेख आहे. 'आय हॅव वर्क्ड'चे तुकडे पाडून इटालियन केलं तर ते 'ओ लावोरातो' होतं. 'हॅव'ला 'ओ', 'वर्क्ड'ला 'लावोरातो'. या काळाला इटालियनमध्ये पास्सातो प्रोस्सिमो म्हणतात. दोन्ही काळांची घडण सारखीच आहे, पण अर्थ फार वेगळा. 'ओ लावोरातो क्वी पेर ओत्तो आन्नी' असं कुणी म्हटलं की इटालियन माणसाला वाटतं, केलं होतं काम, आता नाही करत. मराठीत हे ऐकून बघ. 'मी पुण्यात आठ वर्षं राहिले आहे' असं कुणी म्हणालं तर तू पटकन विचारशील, 'मग आता कुठे असता?' तुझ्या नणंदेला 'आय हॅव वर्क्ड हिअर फॉर एट इयर्स' हे वाक्य असंच ऐकू येतं. जे वाक्य बरोबर आहे तेच तिला नोकरी सोडल्यासारखं वाटतं. म्हणून तिची जीभ तिकडे वळत नाही. ही तिची आळशीपणाची चूक नाही. तिची भाषा तिला सावध करते, फक्त चुकीच्या जागी.

इटालियन माणसाला इंग्रजी शिकवताना हे पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे. 'हॅव' आणि 'ओ' दिसायला जुळे आहेत, पण चालू गोष्टीच्या बाबतीत इंग्रजीचं 'हॅव वर्क्ड' तिच्या 'लावोरो'च्या बाजूचं आहे, 'ओ लावोरातो'च्या बाजूचं नाही. हे वाक्य तिला इटालियनमध्ये समजाव. इंग्रजीत समजावून उपयोग नाही, कारण गोंधळ इटालियनमध्येच आहे.

याच गोंधळाची दुसरी बाजूही तुला घरात ऐकू येत असेल. 'येस्टरडे आय हॅव सीन द डॉक्टर.' बोलोन्या उत्तरेकडचं. उत्तर इटलीत लोक बोलताना संपलेल्या सगळ्या गोष्टींना पास्सातो प्रोस्सिमोच वापरतात, कालची असो की वीस वर्षांपूर्वीची. सिसिलीत उलट. तिथे सकाळी झालेल्या गोष्टीलाही लोक पास्सातो रेमोतो, म्हणजे इटालियनचा दुसरा भूतकाळ, लावतात, आणि तो एकाच शब्दाचा काळ इंग्रजीच्या साध्या भूतकाळाला बराच जवळचा आहे. म्हणजे उत्तरेच्या माणसाकडून 'हॅव' जिथे नको तिथे येतो आणि जिथे हवा तिथून गळतो. दोन उलट्या चुका, पण मूळ एकच. तिने कधी 'येस्टरडे आय हॅव सीन' म्हटलं तर आत्ता ते सोडून दे. दोन्ही एकदम दुरुस्त करायला गेलीस तर तिला वाटेल की 'हॅव' वापरावा की नाही हे नशिबावरच आहे.

क्रियापद बसलं की 'सिन्स' आणि 'फॉर' फारसं अवघड राहत नाही. 'फॉर'च्या पुढे लांबी येते : आठ वर्षं, दहा मिनिटं, बराच काळ. 'सिन्स'च्या पुढे कॅलेंडरवर बोट ठेवता येईल अशी जागा येते : 2017, नाताळ, सोमवार, सकाळ. 'सिन्स'चं मूळ जुन्या इंग्रजीतल्या 'त्यानंतर' अशा अर्थाच्या शब्दात आहे. तो अर्थ मनात ठेवला की 'सिन्स थ्री इयर्स' का खटकतं ते आपोआप कळतं. '2017नंतर आजतागायत' याला अर्थ आहे. 'तीन वर्षांनंतर आजतागायत' म्हटलं तर प्रश्न पडतो, कुठल्या तीन वर्षांनंतर? इंग्रजी कानाला 'सिन्स थ्री इयर्स' असंच अधांतरी वाटतं. भारतात ते सर्रास चालतं आणि सगळ्यांना समजतं, त्यामुळे तुला कुणी अडवलं नसेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तू जिथे राहतेस तिथे मुलाखतीत आणि ईमेलमध्ये ते टिपलं जाईल, म्हणून तूही बदल.

'दा'ची आणखी एक करामत ऑफिसात फार त्रास देते. 'दा लुनेदी लावोरो दा कासा.' म्हणजे, 'सोमवारपासून मी घरून काम करते.' हा सोमवार गेलेला की येणारा? इटालियन वाक्यावरून सांगता येत नाही, मराठी वाक्यावरूनही येत नाही. बोलण्याच्या ओघात कळतं, एवढंच. इंग्रजीत आधी ठरवावंच लागतं. गेलेला सोमवार असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग फ्रॉम होम सिन्स मंडे'. येणारा असेल तर 'आय ॲम वर्किंग फ्रॉम होम फ्रॉम मंडे'. 'सिन्स' कधीच पुढच्या दिवसाकडे बघत नाही. 'सिन्स टुमॉरो' म्हणून वाक्य नाही. तुझ्या नणंदेने टीमला 'सिन्स मंडे आय वर्क फ्रॉम होम' असं लिहिलं तर निम्मे लोक तिला ऑफिसात शोधतील आणि निम्मे घरी फोन करतील. 'फ्रॉम' टाकून द्यायचा नाही, हेही तिला सांग. पुढच्या गोष्टींना तो लागतो, आणि दोन्ही टोकं माहीत असली की लागतो : 'फ्रॉम 1865 टू 1871'. तू 'फ्रॉम नाही' म्हणालीस तेव्हा तिने तो शब्दच वर्ज्य मानला असेल, तर ती गाठ सोडव.

'दा बाम्बीना' म्हणजे लहानपणी, तिथेही 'दा' आहे. 'दा बाम्बीना वीवेवो आ रीमिनी', लहानपणी मी रीमिनीला राहायचे. तिथे 'सिन्स आय वॉज अ चाइल्ड' म्हटलं की ती अजूनही रीमिनीलाच राहते असं होईल. 'ॲज अ चाइल्ड' म्हणायचं, संपलं.

एक वाक्य मात्र तिला भेट म्हणून दे, कारण ते तिच्या तोंडात आधीच आहे. इटालियन लोक 'सोनो ओत्तो आन्नी के लावोरो क्वी' असंही म्हणतात. आपलं 'आठ वर्षं झाली मी इथे काम करते'. याचं ती इंग्रजी करते तेव्हा 'आर एट इयर्स दॅट आय वर्क हिअर' असं काहीतरी विचित्र तयार होतं. पण इंग्रजीत याच्या अगदी जवळचं, बरोबर असलेलं वाक्य आहे : 'इट्स एट इयर्स सिन्स आय स्टार्टेड हिअर.' आकडा आधी, गोष्ट नंतर, तिच्या सवयीप्रमाणे. आणि यातून आणखी एक गोष्ट सहज हाती लागते. 'सिन्स'च्या पुढे वाक्य आलं की त्यातलं क्रियापद बहुधा साध्या भूतकाळात असतं, कारण ती सुरुवातीची खूण आहे : 'सिन्स आय स्टार्टेड', 'सिन्स वी मेट'. इटालियनचं 'दा क्वान्दो' ते हेच.

प्रश्न विचारताना काय होतं, तेही बघ. 'दा क्वान्तो तेम्पो सेई क्वी?' म्हणजे कधीपासून इथे आहेस? तिचं इंग्रजी होईल 'हाऊ लाँग आर यू हिअर?' पण इंग्रजीत 'हाऊ लाँग आर यू हिअर फॉर?' म्हणजे इथे एकूण किती दिवस मुक्काम आहे. बाहेरगावच्या ग्राहकाने तिला असं विचारलं तर ती 'सिन्स मंडे' म्हणून मोकळी होईल, आणि त्याला हवं असेल 'अनटिल फ्रायडे'. कधीपासून, हे विचारायचं तर 'हाऊ लाँग हॅव यू बीन हिअर?' असंच विचारावं लागतं. हे दोन प्रश्न तिच्याकडून वेगवेगळे म्हणून घे. कामाच्या ठिकाणी हेच सगळ्यात जास्त वेळा लागतील.

आता कानाबद्दल. इटालियनचे बहुतेक शब्द स्वरावर संपतात. त्यामुळे 'आय'व्ह' मधला शेवटचा 'व्ह' इटालियन कानाला नीट पकडता येत नाही. इंग्रज माणूस 'आय'व्ह लिव्ह्ड हिअर' म्हणतो आणि तिला 'आय लिव्ह हिअर' ऐकू येतं. मग ती स्वतःला समजावते, बघ, तेही वर्तमानकाळच वापरतात. म्हणून थोडं श्रुतलेखन करा. तू 'आय लिव्ह हिअर' आणि 'आय'व्ह लिव्ह्ड हिअर' उलटसुलट म्हण, तिने ऐकलं ते कागदावर लिहावं. पहिल्यांदा ती बरीच चुकेल. रोज पाच मिनिटं केलं तर कान तयार होतो. बोलताना तिने सुरुवातीला पूर्ण 'आय हॅव'च म्हणावं. थोडं पुस्तकी वाटलं तरी चालेल, गैरसमजापेक्षा ते परवडलं.

सरावासाठी पुस्तक लागत नाही. तुम्ही बोलोन्यात राहता, गावच पुरेसं आहे. तिथलं विद्यापीठ आपली स्थापना 1088ची मानतं. तिला म्हणू दे : 'द युनिव्हर्सिटी हॅज बीन हिअर सिन्स 1088.' मग तेच 'फॉर' लावून : 'फॉर मोर दॅन नाइन हंड्रेड इयर्स.' इटलीत राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं ते 2 जून 1946च्या सार्वमताने : 'इटली हॅज बीन अ रिपब्लिक सिन्स 1946.' लिरा जाऊन युरोच्या नोटा हातात आल्या 1 जानेवारी 2002ला : 'वी हॅव हॅड द युरो सिन्स 2002.' एकच गोष्ट दोन्ही शब्दांनी सांगायची, एकदा बोट कॅलेंडरवर, एकदा लांबी मोजून. आणि अधूनमधून एक संपलेली गोष्ट मध्ये घाल, म्हणजे तिला थांबून विचार करावा लागेल : 'इटली हॅड अ किंग फॉर एटी-फाइव्ह इयर्स.' इथे 'हॅव हॅड' नाही, कारण 1861ला सुरू झालेली राजेशाही 1946ला संपली. प्रत्येक वाक्याआधी तिने स्वतःला इटालियनमध्येच विचारावं, 'आंकोरा?' अजून आहे का? उत्तर हो असेल तर 'हॅव', नाही असेल तर साधा भूतकाळ.

मग तिच्या स्वतःच्या गोष्टी घ्या. सायकल, फोन, घर, मैत्रीण. सुरुवातीला 'बी', 'हॅव' आणि 'नो' हीच क्रियापदं ठेव. 'आय हॅव हॅड धिस फोन सिन्स मार्च.' यांना सहसा 'इंग' लागत नाही, त्यामुळे एक फाटा कमी होतो. 'नो'वर मात्र जरा थांब. इटालियनमध्ये 'ला कोनोस्को दा दिएची आन्नी' म्हणजे मी तिला दहा वर्षांपासून ओळखते. पण हेच क्रियापद पास्सातो प्रोस्सिमोत घातलं, 'लो कोनोशुता', की अर्थ होतो 'माझी तिची ओळख झाली', भेट झाली तो एक प्रसंग. म्हणून 'आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स' तिला फारच चमत्कारिक वाटेल. हे वाक्य न अडखळता यायला लागलं की समज, गाडी रुळावर आली. 'वर्क' आणि 'लिव्ह' त्यानंतर. 'आय हॅव वर्क्ड' आणि 'आय हॅव बीन वर्किंग', तिच्या वाक्यात दोन्ही चालतात, त्यातला बारीक फरक आत्ता उगाळत बसू नका.

लिहून सराव हवा असेल तर केंब्रिजच्या बी-टू फर्स्ट या इंग्रजीच्या परीक्षेचे नमुना पेपर बघ. त्यात एक प्रश्न वाक्य बदलण्याचा असतो. एक वाक्य देतात, शिवाय एक शब्द देतात, आणि तो न बदलता दोन ते पाच शब्दांत त्याच अर्थाचं दुसरं वाक्य पुरं करायचं असतं. 'आय स्टार्टेड वर्किंग हिअर एट इयर्स अगो' यावरून 'फॉर' वापरून वाक्य करणं हा त्यातला नेहमीचा नमुना. परीक्षा द्यायची नसली तरी सराव उत्तम होतो, कारण 'अगो', म्हणजे इटालियनचं 'फा', आणि 'फॉर' यांची सांगड तिथे घालावीच लागते.

आता टोकण्याबद्दल. रविवारी, सासूबाईंनी मेहनतीने केलेला ताल्यातेल्ले पास्ता ताटात, सगळं घर टेबलाभोवती, आणि त्यात भावजयीने इंग्रजी दुरुस्त केलं. तुझा हेतू चांगलाच होता, पण मोठ्या बाईला आपल्याच घरच्या माणसांसमोर विद्यार्थिनी होणं जड जातं. तिला एकटीला गाठ, कॉफी प्यायला घेऊन जा आणि सरळ सांग की त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलायला नको होतं. एवढ्याने बरंच मोकळं होईल. पुढे ठरवून घ्या, दुरुस्ती फक्त सरावाच्या वेळेत. एरवी ती 'आय वर्क हिअर फ्रॉम एट इयर्स' म्हणाली तर तू तिच्या वाक्यात 'नाही' म्हणू नकोस. सहज बोलल्यासारखं विचार, 'रिअली? यू हॅव वर्क्ड देअर फॉर एट इयर्स?' आणि गप्पा पुढे चालू ठेव. बरोबर वाक्य तिच्या कानावर पडलं, तिचा मान राहिला, आणि ऐकणाऱ्या बाकीच्यांना काही कळलंही नाही. एका वेळी एकच गोष्ट. ती क्रियापदावर काम करत असेल त्या दिवसांत उच्चाराकडे बघू नकोस.

तुझ्या स्वतःच्या इंग्रजीचं म्हणशील, तर वेगळी शिकवणी लावू नकोस. तिच्याबरोबरच बस. तू म्हणालेली वाक्यं तिने तपासावीत, तिची तू. तू 'सिन्स थ्री इयर्स' म्हणालीस की ती तुला पकडेल, आणि त्या दिवसापासून ती तुझ्यासमोर बोलायला कचरणार नाही. 'मी इथे तीन वर्षांपासून राहते' आणि 'मी इथे तीन वर्षं राहिले' यातला फरक तू तिला मराठीत म्हणून दाखव, तिने 'दा' आणि 'पेर' लावून इटालियनमध्ये दाखवावा, मग दोघींनी मिळून इंग्रजी करावं. सुरुवातीला थोडा वेळ जाईल, पण एकदा कळलं की घोकावं लागत नाही.

'सिन्स'चा दुसरा अर्थ, 'ज्याअर्थी', इटालियनचं 'सिक्कोमे', तो सध्या बाजूला ठेव. वाचताना आला तर ओळखता यावा, एवढंच. आणि हे सगळं वर्तमानातलं पक्कं झालं की मग भूतकाळातलं घ्या : 'लावोरावो ली दा ओत्तो आन्नी क्वान्दो...', मी तिथे आठ वर्षांपासून काम करत होते तेव्हा... तिथे 'हॅव'चा 'हॅड' होतो : 'आय हॅड वर्क्ड देअर फॉर एट इयर्स व्हेन...' नवी नोकरी मिळाली आणि कुणी जुन्या नोकरीबद्दल विचारलं, की तिला हे वाक्य लागेल. पण महिना-दोन महिने तरी त्याला हात लावू नका.